रुग्णाच्या खाटेपासून अध्यापकाच्या खुर्चीपर्यंत

आमच्या कळंब्याच्या वस्तीत पदवीधर झालेला पहिला माणूस मी. पहिल्या पदवीधराच्या वाट्याला एक काम न मागता येते, ते म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांचे अर्ज भरण्याचे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वसतिगृह, शिष्यवृत्ती, घरकुल. गेली पंधरा वर्षे मी हे अर्ज भरतो आहे. इतिहासाचा अध्यापक म्हणून जेवढे वाचले असेल, त्याहून अधिक या अर्जांनी मला शिकवले आहे. अर्जातील कोणता रकाना आपल्या माणसाला अडवतो, हे एकदा कळू लागले की समाजव्यवस्था समजायला फार मोठे ग्रंथ लागत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या शेजारची मुलगी असाच एक अर्ज घेऊन आली. तिचे वडील सेंट्रिंगच्या कामावर जात. तिचे बारावीनंतरचे सगळे अर्ज मीच भरलेले. ती एम.बी.बी.एस. झाली, एम.डी. झाली आणि आज एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. म्हणाली, "दादा, एवढा एक अर्ज बघ की." अर्ज होता वैद्यकीय शिक्षणातील फेलोशिपचा. डॉक्टरने चांगला अध्यापक कसे व्हावे, अभ्यासक्रम कसा आखावा, परीक्षा न्याय्य कशी घ्यावी, याचे शिक्षण देणारी ही फेलोशिप. सगळे रकाने भरून झाले, एक उरला. संस्थाप्रमुखाचे संमतिपत्र. ते तिला मिळाले नाही. "आधी पाच-सात वर्षे शिकवा, मग शिकवायला शिकायचं बघू," असे उत्तर मिळाले. तिच्यानंतर नोकरीला लागलेल्या दोघांना मात्र ते पत्र मिळाले होते. त्यांची आडनावे सांगण्याची गरज नाही. वाचकांना ती कळली असतील.

हा लेख त्या एका रकान्याविषयी आहे. डॉक्टर कोणी व्हावे, या प्रश्नावर आपण पुष्कळ लढलो. डॉक्टरांना कोणी शिकवावे, हा प्रश्न आपण अद्याप नीट विचारलेला नाही.

इतिहासाकडे वळू. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. विद्यार्थी एतद्देशीय, पण प्राध्यापकांच्या महत्त्वाच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या हाती. या सेवेची परीक्षा १८५५ पासून कागदोपत्री हिंदी माणसाला खुली झाली, पण ती व्हायची लंडनमध्ये. म्हणजे दार उघडे, आणि दारापर्यंत जाणारी वाट समुद्रापलीकडे. हिंदी डॉक्टर रोगी तपासायला चालत होता, मोठ्या पदावर बसून शिकवायला चालत नव्हता. त्याच्याविरुद्ध वापरला जाणारा शब्दही ठरलेला होता: योग्यता.

या मिरासदारीला मुंबईत उत्तर मिळाले ते १९२६ साली. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महापालिकेला महाविद्यालयासाठी देणगी दिली, ती एका अटीवर. या महाविद्यालयातील सर्व अध्यापक हिंदी असले पाहिजेत आणि ते सरकारी नोकरीतील नसावेत. त्यातून के.ई.एम. रुग्णालयाशी जोडलेले जी.एस. मेडिकल कॉलेज उभे राहिले. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता. त्या काळच्या सुशिक्षित वर्गाने या अटीत काही गैर मानले नाही. उलट ती स्वाभिमानाची गोष्ट मानली. आम्हीही तिला स्वाभिमानाचीच गोष्ट मानतो. आमचा प्रश्न एवढाच की, इंग्रजाच्या हातून खुर्ची घेताना जे तत्त्व राष्ट्रीय ठरले, तेच तत्त्व दलिताने उच्चारले की गुणवत्तेवरील आक्रमण कसे ठरते?

आमच्या कोल्हापूरला या प्रश्नाचे उत्तर त्याही आधी दिले गेले होते. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्या जागा शाळेतल्या बाकांच्या नव्हत्या, संस्थानच्या नोकऱ्यांतील होत्या, हे आपण विसरतो. शाहूंनी १९१८ साली महार वतन खालसा केले, कुलकर्णी वतन मोडले आणि तलाठ्याच्या जागेवर अस्पृश्य तरुण नेमले. अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. डॉ. कृष्णाबाई केळवकर यांना पुढच्या वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला पाठवले आणि त्यांच्या विद्येचा उपयोग कोल्हापूरच्या रुग्णालयाला करून दिला. शिकवा आणि नंतर अधिकाराच्या जागी बसवा, अशी ही पद्धत होती. नुसती फी माफ करून ते थांबले नाहीत.

१९१९ च्या जानेवारीत शाहूंनी रुग्णालयांसाठी जो हुकूम काढला, तो प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. अस्पृश्य रोग्याला समतेने व आपुलकीने वागवा. मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या दवाखान्याचा कित्ता गिरवा. ज्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नुसता दवाखाना काढला नव्हता, वैद्यकीय शाळाही चालवली होती. जिथे रोग्याला स्पर्श करण्याचा प्रश्न मिटला, तिथे शिकवण्याची परंपराही निराळी घडली. शाहूंनी नेमके तेच उदाहरण निवडावे, हा मला योगायोग वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीमागे मद्रासच्या वैद्यकीय प्रवेशाचा वाद होता. चंपकम दोराईराजन खटल्याचा निकाल लागला आणि १९५१ साली कलम १५(४) आले. त्यातून आमच्या मुलांना वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडले. पण आत गेलेल्या मुलाला शिकवणारा, तोंडी परीक्षा घेणारा, शिफारस करणारा हात कोणाचा? १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात आरक्षण उचलून धरताना न्यायालयाने अतिविशेष वैद्यक शाखांतील पदांचा समावेश आरक्षण योग्य नसलेल्या जागांत केला. जुलै २०१३ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या अध्यापक संघटनेच्या खटल्यात त्याच भूमिकेचा पुनरुच्चार झाला. जानेवारी २०१४ मध्ये फेरविचाराच्या वेळी न्यायालयाने निर्णय केंद्र शासनावर सोपवला. शिडीच्या खालच्या पायऱ्या आमच्यासाठी मोजून ठेवल्या गेल्या. वरच्या पायऱ्यांना गुणवत्ता हे नाव मिळाले.

याचा परिणाम विद्यार्थ्यावर काय होतो, हे प्रा. सुखदेव थोरात समितीच्या २००७ च्या अहवालाने एम्सच्या संदर्भात दाखवून दिले. वसतिगृहातील वेगळेपणा, शिक्षकांची टाळाटाळ, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत मिळणारी वागणूक, हे सारे दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी समितीपुढे मांडले. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुणीने आत्महत्या केली. वरिष्ठ विद्यार्थिनींनी जातीवरून छळ केल्याची तक्रार तिच्या कुटुंबीयांनी केली. अशा वेळी विभागात तिचे म्हणणे ऐकून घेणारे, तिच्या पायवाटेने आलेले एक तरी माणूस अध्यापकाच्या खुर्चीवर असणे, ही चैन नव्हे.

"पण रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे," असे म्हणणारे भेटतील. त्यांना फेलोशिपचाच इतिहास सांगावा. उत्तम डॉक्टर हा आपोआप उत्तम अध्यापक होत नाही, हे वैद्यकविश्वाने स्वतःच मान्य केले आहे. म्हणून १९७५ साली पाँडिचेरीच्या जिपमेरमध्ये वैद्यकीय अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र निघाले. फिलाडेल्फियाच्या फेमर या संस्थेने २००१ पासून फेलोशिप सुरू केली आणि तिचे भारतातील पहिले प्रादेशिक केंद्र २००५ साली निघाले ते मुंबईच्या त्याच जी.एस. मेडिकल कॉलेजात. दोन वर्षांचा काळ, काही दिवस प्रत्यक्ष वर्ग, उरलेला वेळ दुरून मार्गदर्शन आणि आपल्याच महाविद्यालयात राबवायचा एक शैक्षणिक प्रकल्प, असे तिचे स्वरूप. पुढे अध्यापनाच्या प्रशिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम पदोन्नतीच्या नियमांतही आला.

याचा अर्थ स्पष्ट आहे. अध्यापक जन्मत नाही, घडवला जातो. जर तो घडवला जातो, तर घडवण्यासाठी कोणाला निवडायचे हा गुणवत्तेचा प्रश्न राहत नाही, तो संधीच्या वाटपाचा प्रश्न होतो. आणि संधीची किल्ली जर वरिष्ठाच्या एका पत्रात असेल, तर ती किल्ली नात्यागोत्यात, ओळखीपाळखीत फिरत राहणार. आमच्या मुलीला वैद्यकविश्वात ना मामा आहे, ना सासरा. जुन्या वतनाने आम्हाला गावाच्या सेवेला बांधून ठेवले होते. हे नवे वतन निराळे आहे. ते आम्हाला बांधत नाही, फक्त वर येऊ देत नाही.

तेव्हा मागण्या साध्या ठेवूया. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने दरवर्षी कोणी अर्ज केला, कोणाला संमतिपत्र मिळाले आणि कोणाला का नाकारले, याची यादी फलकावर लावावी. नकार लेखी द्यावा. फेलोशिपचा खर्च आणि रजा हा पात्र अध्यापकाचा हक्क असावा, कृपा नसावी. आणि कार्यकर्त्यांनी माहितीचा अधिकार वापरून हे आकडे मागावेत. प्रवेशाच्या याद्या आपण दरवर्षी तपासतो; आता खुर्च्यांच्या याद्याही तपासायला शिकले पाहिजे. कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला राजर्षींचे नाव आहे. ज्या राज्यातील संस्थांवर आपण हे नाव कोरतो, तिथे १९०२ च्या हुकुमाचा अर्थ निदान विचारला तरी जावा.

ती मुलगी यंदा पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी तिने संमतिपत्राची मागणी लेखी केली आहे आणि आवक क्रमांक घेऊन ठेवला आहे. तो क्रमांक घालून अर्जाची एक प्रत मी माझ्या कपाटात ठेवली आहे. वस्तीतली दोन मुले सध्या नीटची तयारी करत आहेत. त्यांचा अर्ज भरायला आता माझ्याकडे येण्याची गरज नाही, ती थेट तिच्याकडे जातात.