माध्यमांतर आणि उत्तरदायित्व : ‘गाईड’, ‘चारुलता’, ‘सिंहासन’

‘गाईड’ या १९६५ सालच्या हिंदी चित्रपटाला फिल्मफेअरची जी पारितोषिके मिळाली, त्यांत उत्कृष्ट कथेचे पारितोषिक आर. के. नारायण यांच्या नावावर जमा झाले. त्याच चित्रपटाच्या निर्मितीची हकीकत नारायण यांनी एका उपरोधिक निबंधात सांगितली आणि त्याला ‘मिसगायडेड गाईड’ असे शीर्षक दिले. आपल्या नावाने गौरवल्या गेलेल्या कथेविषयी लेखकानेच तक्रार मांडावी, ही घटना वरवर विनोदी वाटते. तिच्यात दडलेला प्रश्न मात्र गंभीर आहे : पुस्तकाचा चित्रपट होताना लेखकाचा, आणि त्याच्या वाचकाचा, नेमका हक्क कोणता?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ‘मूलनिष्ठा’ या कल्पनेभोवती घुटमळत राहते. चित्रपट पुस्तकाशी प्रामाणिक राहिला की नाही, एवढेच पाहिले जाते. पण शब्दांतून उभी राहणारी कृती दृश्यांतून मांडताना बदल अटळच असतो. तेव्हा बदल झाला का, यापेक्षा तो कशासाठी झाला आणि त्याने मूळ रचनेचा कोणता सांधा निखळला, हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

‘द गाईड’ ही इंग्रजी कादंबरी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६० मध्ये तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. देव आनंद यांनी चित्रपटाचे हक्क घेतले. टॅड डॅनिएलेव्स्की दिग्दर्शित इंग्रजी आवृत्तीच्या लेखनात पर्ल बक यांचा सहभाग होता, तर हिंदी चित्रपट विजय आनंद यांनी दिग्दर्शित केला. नारायण यांच्या कथनानुसार, त्यांनी निर्मात्यांच्या मंडळींना म्हैसूरच्या परिसरातील आपल्या कादंबरीला साजेशी स्थळे हिंडून दाखवली. प्रत्यक्षात कथा राजस्थानात नेण्यात आली. मालगुडी कुठे वसवायची, याचा निर्णय तिच्या निर्मात्याच्या हातून निसटला होता.

ही तक्रार एका हळव्या लेखकाचा स्थळाग्रह म्हणून सोडून देता येत नाही. मालगुडी ही कादंबरीची पार्श्वभूमी नाही, ती तिच्या कार्यकारणभावाचा भाग आहे. या लहानशा गावात आगगाडी येते, राजू स्थानकावर दुकान चालवू लागतो आणि प्रवाशांच्या प्रश्नांना ‘ठाऊक नाही’ असे उत्तर देणे त्याला जमत नाही, म्हणून तो वाटाड्या बनतो. हीच न जमणारी गोष्ट पुढे त्याला रोझीच्या आयुष्यात ओढते आणि अखेर वेलनच्या गावाचा स्वामी बनवते. राजवाडे आणि सरोवरे यांमुळे आधीच प्रसिद्ध असलेल्या उदयपूरसारख्या नगरात वाटाड्या हा एक सामान्य व्यवसाय आहे. मालगुडीत तो राजूच्या स्वभावातून उगवतो. स्थळ बदलताच व्यवसाय आणि स्वभाव यांना जोडणारा हा धागा विरळ होतो.

दुसरा बदल मार्कोचा. कादंबरीतील मार्को गुहांमधील चित्रांत बुडालेला, पत्नीविषयी उदासीन असा संशोधक आहे. चित्रपटाने त्याला स्त्रीलंपटही केले. यामागील हिशेब उघड आहे : रोझीने पतीचे घर सोडावे हे प्रेक्षकाला पटायचे तर पती दोषी हवा. देवदासीच्या कुळातील विवाहित स्त्री नृत्यासाठी बाहेर पडते आणि त्याबद्दल तिला कथेत शिक्षा होत नाही, हे त्या काळच्या हिंदी पडद्यावर धाडसच होते. पण त्या धाडसाची किंमत म्हणून कादंबरीतील नैतिक संदिग्धता मोजावी लागली.

तिसरा बदल शेवटाचा. कादंबरीत उपोषणाने खंगलेल्या राजूला डोंगरात पाऊस आल्याचे जाणवते आणि तो खाली कोसळतो. पाऊस खरोखर आला का, फसवा साधू खरा साधू झाला का, याचा निवाडा नारायण वाचकावर सोपवतात. चित्रपटात पाऊस कोसळतो, राजूला मृत्यू येतो आणि श्रद्धेचा विजय निर्विवाद होतो. प्रश्न होता तेथे उत्तर आले. असंख्य प्रेक्षकांनी हा शेवट मनोभावे स्वीकारला आणि अनेकांच्या दृष्टीने चित्रपटच मूळ ठरला, ही वस्तुस्थितीही नोंदवावी लागते.

याच सुमारास बंगालीत वेगळ्या तऱ्हेचा वाद झाला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘नष्टनीड’ या १९०१ च्या कथेवर सत्यजित राय यांनी १९६४ मध्ये ‘चारुलता’ काढला. रवींद्रनाथ १९४१ मध्येच निवर्तले होते, त्यामुळे लेखकाच्या वतीने वाचक बोलला. ‘परिचय’ या नियतकालिकात अशोक रुद्र यांनी कथेपासून घेतलेल्या फारकतीवर आक्षेप घेतला आणि राय यांनी तेथेच सविस्तर उत्तर दिले. कथेचा शेवट चारूच्या नकारात होतो. चित्रपटाचा शेवट एकमेकांकडे सरकलेल्या, पण न जुळलेल्या दोन हातांच्या गोठलेल्या चित्रावर होतो आणि पडद्यावर मूळ कथेचे नाव उमटते. येथेही बदल आहे. तरीही तो शेवट निवाडा देत नाही. घरटे मोडले आहे, पुढचे ठाऊक नाही, ही कथेची अवस्था दृश्यात टिकून राहते. राय यांचे उत्तर पटो वा न पटो, ते वाचकाला उत्तर देणे लागतो असे मानणाऱ्या कलावंताचे उत्तर होते. ‘गाईड’च्या प्रकरणात लेखकाच्या वाट्याला व्यवहार आला, ‘चारुलता’च्या प्रकरणात वाचकाच्या वाट्याला समीक्षा आली.

मराठीतील ‘सिंहासन’ने (१९७९) मूलनिष्ठेची कल्पनाच अडचणीत आणली. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा घडवली व जब्बार पटेल यांनी ती दिग्दर्शित केली. दोन पुस्तकांचा एक चित्रपट होतो, तेव्हा निष्ठा कोणत्या पुस्तकाशी मोजायची? मुख्यमंत्र्याच्या खुर्चीभोवतीचे डावपेच आणि त्यांचा साक्षीदार असलेला पत्रकार दिगू टिपणीस यांना एकत्र आणल्याने सत्ता आणि तिच्याकडे पाहणारी नजर एका चौकटीत आली. येथे बदलाला कारण आहे आणि ते कृतीतच वाचता येते.

‘पुस्तकच बरे होते’ हा वाचकाचा उद्गार म्हणूनच तुच्छतेने उडवून लावण्याजोगा नाही. त्यात दृश्यमाध्यमाविषयीचे अज्ञान असू शकते, तसेच एखादा सांधा निखळल्याची अचूक जाणीवही असू शकते. बदल नाकारण्याचा हक्क लेखकाला नाही, वाचकालाही नाही. बदलाचे कारण विचारण्याचा हक्क मात्र दोघांनाही आहे. नारायण यांचा उपरोध त्या हक्काची मागणी करतो. त्यांच्या नावावर जमा झालेले पारितोषिक हे त्या मागणीचे उत्तर नव्हते.