विहिरीवरचं इंजिन आणि दर्यावरच्या तुळया

मराठी मुसलमान आणि समुद्र असा विषय निघाला की आपण दौलतखानाचं नाव घेतो आणि तिथेच थांबतो. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, हे सांगायलाच हवं. पण आरमार काय किंवा मासेमारी काय, ती नुसत्या सरदारांवर चालत नाही. होडी कुणी बांधली, तिच्यात इंजिन कुणी बसवलं, हा इतिहास आपण लिहीतच नाही. माझे अब्बा त्या न लिहिलेल्या इतिहासातले होते.

आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. तिथून चालत गेलं की शिवाजी उद्यमनगर. अब्बा तिथे फिटर होते. त्यांची सगळी हयात ऑइल इंजिनांत गेली. उसाच्या मळ्यात विहिरीवर इंजिन बसवायचं, म्हणजे आधी खड्डा खणून सिमेंटचा कट्टा घालायचा, त्यात बोल्ट पुरायचे, कट्टा वाळला की इंजिन ठेवून नट आवळायचे. एकदा बसवलं की वीस वर्षं बघायला नको.

सत्तरच्या दशकात त्यांना रत्नागिरीहून बोलावणं आलं. राजिवड्यातल्या एका नाखव्यानं सोसायटीचं कर्ज काढून दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन घेतलं होतं. अब्बा आंबा घाट उतरून गेले. होडी वाळूवर ओढलेली होती. अब्बांनी तिच्या तळात दोन आखूड तुळया टाकल्या, त्यांवर इंजिन ठेवलं, लाकडात जाड स्क्रू पिळले, शाफ्टची लाइन दोरी लावून जुळवली आणि मजुरी घेऊन कोल्हापूरला परत आले.

पंधरा दिवसांत तार आली. भर दर्यात इंजिन जागचं सुटलं होतं. स्क्रूंची भोकं रुंद झाली, शाफ्ट वाकडा झाला, तो जिथून बाहेर जातो तिथून पाणी आत येऊ लागलं. खलाशांनी पाणी उपसत, शिडावर होडी कशीबशी किनाऱ्याला लावली. जीव वाचले. कर्जाचा हप्ता मात्र थांबणार नव्हता.

अब्बा परत गेले. तिथे त्यांना शहाणं केलं ते होडी बांधणाऱ्या सुतारानं. तो एवढंच म्हणाला, "मिस्तरी, तुमचा कट्टा हलत नाय. हिचं सगळं आंग हलतं."

या एका वाक्यात सगळं आलं. जमिनीवर इंजिनचं वजन आणि धक्के कट्टा पेलतो. होडीत पंखा पाणी मागे लोटतो आणि तो रेटा शाफ्टमधून गिअरवर, तिथून इंजिनच्या पायांवर आणि शेवटी लाकडावर येतो. म्हणजे होडी पुढे जाते ती त्या चार-सहा बोल्टांच्या जोरावर. शिवाय लाकूड पाण्यात फुगतं, उन्हात आकसतं आणि लाटेवर होडी थोडी वाकतेच.

मग दोघांनी मिळून काम नव्यानं केलं. सुतारानं सागाच्या लांब तुळया घेतल्या. तीन फासळ्यांवर टेकण्याऐवजी त्या सात-आठ फासळ्यांवर पसरल्या, खाचा पाडून प्रत्येक फासळीत बसवल्या, मध्ये आडवे ठोकळे दिले. अब्बांनी स्क्रू टाकून दिले आणि आरपार बोल्ट घातले. नट लाकडात रुतू नये म्हणून खाली लोखंडी पट्टी दिली. मग होडी पाण्यात लोटली आणि दोन दिवस तशीच ठेवली. लाकूड फुगून अंगावर आल्यावरच कपलिंग सोडलं, चारी बाजूंनी फट मोजली, पातळ पत्रे घालून लाइन जुळवली. पहिली फेरी झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळले. हे तेल गळून लाकूड कुजू देऊ नका, असंही नाखव्याला बजावलं. या खेपेची मजुरी अब्बांनी घेतली नाही.

आता हे घरगुती गाऱ्हाणं वाटेल, पण देशाच्या पातळीवर हेच घडत होतं. 1952 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी केरळात नीण्डकऱ्याला यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला. तिथल्या पारंपरिक होड्यांत इंजिन नीट बसेना, म्हणून नव्या धाटणीच्या होड्या बांधाव्या लागल्या. मुंबईच्या उत्तरेला सातपाटी, वर्सोव्याच्या होड्यांची बांधणीच अशी दणकट होती की फारसा बदल न करता त्यांत इंजिन बसलं. म्हणजे यांत्रिकीकरणाचं अर्धं श्रेय इंजिनच्या आधीच्या सुताराला जातं. पुस्तकांत मात्र योजना असते, कर्ज असतं, इंजिनचे अश्वशक्तीचे आकडे असतात.

ही जुनीच खोड आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं प्रकरण आहे. लाकूड कुठून तोडावं, रयतेची आंबा-फणसाची झाडं तिच्या मर्जीविरुद्ध तोडू नयेत, इतकी बारकाई त्यात आहे. रयतेची ही काळजी मोठीच आहे. पण त्या लाकडाचं जहाज करणाऱ्या हातांची नावं तिथेही नाहीत.

नावं नसली तरी शब्द उरतात. नाखवा हा फारसी 'नाखुदा', खलाशी अरबीतून आलेला, सारंग फारसी 'सरहंग', दर्या फारसी आणि मिस्त्री पोर्तुगीज. हिंदू असो, मुसलमान असो की ख्रिस्ती, किनाऱ्यावर सगळे हीच भाषा बोलतात. भाषा कुणाची, हा वाद घाटावर बसून घालायचा असतो. होडीत पाणी शिरतं तेव्हा शब्द समजणं महत्त्वाचं असतं.

आज फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी होड्यांत इंजिनखाली अजूनही लाकडी तुळयाच असतात, वरून फायबर चढवलेलं असतं इतकंच. त्या दिसत नाहीत, पण होडी पुढे जाते ती त्यांच्यावरच.

अब्बा आता नाहीत. सोसायटीच्या दप्तरात त्या नाखव्याचं नाव असेल, इंजिनचा नंबर असेल. तुळया कुणी घातल्या, बोल्ट कुणी आवळले, ते नसेल. तुमच्या घरात कुणी तांडेल, फिटर, सुतार असेल तर त्याला आजच विचारा, कोणतं लाकूड वापरलं, किती फासळ्यांवर टेकवलं, पहिल्यांदा कुठे चुकलं. मी अब्बांना हे सगळं विचारलं, पण त्या सुताराचं नाव विचारायचं राहून गेलं.