एकाच घरातले वेगळे संगीतकार

१२. नातलग हिप-हॉप निर्माते वेगवेगळं काम करतात तेव्हा त्याचं नवल वाटणाऱ्या वाचकाने मंगेशकरांचं घर आठवावं. मीनाताईंनी 'माणसाला पंख असतात'ला (१९६१), लतादीदींनी 'आनंदघन' या नावाने 'साधी माणसं'ला (१९६५) या चित्रपटांना संगीत दिलं. हृदयनाथांचा बाज तिसराच. भावंडं एकमेकांच्या चाली गायली, पण चाल बांधताना प्रत्येकाची चूल वेगळी. गाण्यात दोन आवाज मावतात. चालीवर अखेरचा शब्द बहुधा एकाचाच चालतो. अजय-अतुल ही संगीतकार भावांची जोडी हा ठळक अपवाद. मंगेशकरांच्या त्या काळात ध्वनिमुद्रिकांच्या बाजारावर एचएमव्हीचं वर्चस्व असल्याने कंपनी निवडायला फारसा वाव नव्हता. कॅसेटच्या काळात हा वाव वाढला. आज लॅपटॉपवर बीट बनवणाऱ्या भावांनी वेगवेगळी लेबलं धरली, तर श्रेयाचा आणि मानधनाचा हिशेब स्वतंत्र राहतो. त्याला भाऊबंदकी समजू नये.