बांबू गावाचा, विक्रीबी गावाचीच : मेंढा-लेखाचं काय आहे आणि आपल्या जिल्ह्यात काय जमते

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं लहानसं गाव आहे. वनहक्क कायदा २००६ खाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण कागद हातात आला तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक पास लागते, आणि ती वन खात्याकडं होती. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून ग्रामसभाच बांबू विकते. पुढं २०१२ च्या सुधारित नियमांत वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला लेखी मिळाला.

हा धंदा टिकला तो तोडीच्या शिस्तीमुळं. बांबूच्या रांजीतले नवे वास्ते राखायचे, जून झालेलाच बांबू तोडायचा. सगळंच कापलं तर रांजी मरते, मग पुढच्या वर्षी विकणार काय? गावात निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. वेळ लागते, पण एकदा ठरलं की मोडणारा कोणी राहत नाही. देवाजी तोफा यांचं नाव यात नेहमी येते, तरी ते स्वतःबी ग्रामसभेलाच पुढं करतात.

आता आपल्याकडचं. नागपूर जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा इथं लागू होत नाही. "मग आपल्याला काहीच नाही" असं रामटेक, पारशिवनीकडं कित्येक जण समजून बसले आहेत. ते खरं नाही. वनहक्क कायदा सगळीकडं लागू आहे, आणि तेंदूपत्ता, मोहफूल, डिंक, मध, बांबू हे सगळं त्यात गौण वनउपजच आहे.

मोहाचं एक सांगायलाच पाहिजे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, अन् तीच आग जंगलात शिरते. झाडाखाली जाळी बांधली तर फूल स्वच्छ मिळते, मातीबी लागत नाही, आणि स्वच्छ फुलाला व्यापारी भाव पाडू शकत नाही.

दावा करायचा तर आधी ग्रामसभेनं वनहक्क समिती निवडायची : १० ते १५ सदस्य, त्यात एक तृतीयांश तरी महिला. सामूहिक हक्कासाठी नमुना 'ख', जंगल राखण्याच्या व व्यवस्थापनाच्या हक्कासाठी नमुना 'ग'. पुरावा म्हणून जुनं निस्तार पत्रक फार कामाचं आहे, ते तहसीलच्या अभिलेखात शोधा. सोबत वडीलधाऱ्यांचे जबाब जोडा. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडं, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडं जातो. दावा देताना पोच घ्या, तारखेसकट.