अस्थिरुग्णांचे औषधेतर पूरक उपचार

अस्थिभंग, सांध्यांचे विकार किंवा अस्थिशस्त्रक्रियेनंतर हालचाल व बळ परत मिळवण्यासाठी औषधांविना केले जाणारे उपचार.

उगम : पेर हेन्‍रिक लिंग यांनी 1813 मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था स्थापली. हाड भारानुसार स्वतःची रचना बदलते, हे यूलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडले. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी अमेरिकेत टॉमस डिलॉर्म यांनी क्रमाने वजन वाढवत नेण्याची व्यायामपद्धती रुळवली.

स्वरूप : व्यायाम हा गाभा, बाकीचे उपचार त्याला जोड म्हणूनच. गुडघ्याचा सांधा बदलल्यावर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मांडीचा स्नायू सुमारे पाच सेकंद आवळायचा आणि सोडायचा, हा नेहमीचा पहिला व्यायाम. त्यामुळे स्नायू जागा होतो व गुडघा सरळ होण्यास मदत होते. पुढे वॉकर, काठी व जिना. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात. सूज असल्यास कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवतात. बधिर त्वचेवर बर्फ वा शेक टाळतात. शरीरात धातूची पट्टी असलेल्या भागी शॉर्टवेव्ह शेक वर्ज्य. त्वचेवरून सौम्य विद्युत्-स्पंद दिल्याने काहींची वेदना कमी होते. [→ भौतिकी चिकित्सा, व्यवसायोपचार].

महत्त्व : लवकर हालचाल सुरू केल्याने सांधा आखडणे, स्नायू झिजणे व शय्याव्रण यांचा धोका घटतो. मात्र या उपचारांनी शस्त्रक्रियेची गरज टळतेच असे नाही. मुंबईत हाजी अली येथे 1955 पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था कार्यरत आहे. [→ अस्थिभंग].