कोप निसर्गाचा, भार माणसाचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

हिमस्खलनात माणसं गाडली गेल्याची बातमी आली, की आपण सहज म्हणतो, निसर्गाचा कोप झाला. आल्प्समधले गावकरीही शतकानुशतकं हेच म्हणत आले. पण ते नुसते हात जोडून बसले नव्हते. स्वित्झर्लंडमधल्या आंडरमॅट गावात १३९७ सालीच वरच्या उतारावरचं जंगल तोडायला बंदी झाली होती. झाडं बर्फ धरून ठेवतात, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

शास्त्रानं यात लक्ष घातलं ते बऱ्याच उशिरा. १९३६ मध्ये दावोसजवळच्या वाइसफ्लूयोख इथं संशोधक बर्फाचा पद्धतशीर अभ्यास करू लागले. डोंगरावरचा बर्फ एकजीव नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा निराळा थर बसतो. खालचा एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत झाला, तर वरची घट्ट लादी जेमतेम टेकून राहते. उतार ३० अंशांच्या पुढे गेला, म्हणजे साधारण आपल्या घरातल्या जिन्याइतका, की ती लादी सुटू शकते.

१९५०-५१ च्या हिवाळ्यानं स्वित्झर्लंडमध्ये ९८ बळी घेतले. कितीतरी जण आपल्या घरातच गाडले गेले. त्यानंतर गावांच्या माथ्यावर पोलादी अडसर उभे राहिले, धोक्याचे नकाशे तयार झाले. गावं बरीच सुरक्षित झाली.

पण मृत्यू थांबले नाहीत. मरणारा माणूस बदलला. आज तिथले नव्वद टक्क्यांहून अधिक बळी मोकळ्या डोंगरात जातात. राखलेल्या उतारांपलीकडे, कोऱ्या बर्फावर स्कीइंग करायला ते हौसेनं गेलेले असतात. आणि बहुतेक वेळा ती लादी सुटते ती त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनानं.

बर्फात गाडलेल्या माणसाला वाचवायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात. त्यामुळे प्रत्येकाजवळ संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडं हवंच. पण ही सारी अपघातानंतरची हत्यारं. अपघात टाळायचा कसा?

वेर्नर मुंटर या स्विस वाटाड्यानं १९९० च्या दशकात एक साधा हिशेब मांडला. १९९३ पासून युरोपात धोक्याच्या पाच पायऱ्या ठरल्या होत्या. मुंटर म्हणाले, दुसरी पायरी असेल तर ४० अंशांहून कमी उतार निवडा, तिसरी असेल तर ३५, चौथी असेल तर ३०. बर्फ पावलोपावली बदलतो, उताराचा कोन मात्र मोजता येतो. सर्वांत जास्त बळी जातात ते पाचव्या पायरीला नव्हे, तिसऱ्या पायरीला. पाचव्याला माणूस घरी बसतो, तिसऱ्याला त्याला वाटतं, 'जमेल.'

हे 'जमेल'च घात करतं. अमेरिकेतल्या इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातले ७१५ अपघात तपासले. प्रशिक्षण घेतलेले लोकही त्यात होते. ओळखीचा उतार, आधीच उमटलेल्या स्कीच्या रेघा, 'एवढ्या लांब आलोय तर...' हा विचार. यांपुढे शिकलेलं सारं मागे पडत होतं.

आंडरमॅटच्या लोकांनी सहाशे वर्षांपूर्वी स्वतःच्या कुऱ्हाडीला बंदी घातली होती. आजच्या स्कीपटूला ती स्वतःच्या पायांना घालायची आहे. ते अधिक अवघड आहे, कारण तिथं अडवायला गाव नसतं.