अथेन्स २००४: एका दशांश गुणाची चूक, एक सुवर्णपदक आणि जिम्नॅस्टिक्समधून हद्दपार झालेला 'परफेक्ट टेन'

१८ ऑगस्ट २००४. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक ऑल-अराउंड फायनल सुरू होती. अमेरिकेचा पॉल हॅम त्या वेळचा विश्वविजेता. आदल्याच वर्षी त्याने जागतिक स्पर्धेत हाच किताब जिंकला होता, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या.

चौथं साधन होतं व्हॉल्ट. हॅम धावत आला, हवेत गिरक्या घेतल्या, पण उतरताना तोल गेला. पाय सावरेनात, तो बाजूला लडखडत गेला आणि पंचांच्या टेबलाजवळ जाऊन बसकण मारली. गुण मिळाले ९.१३७ आणि हॅम थेट बाराव्या स्थानावर घसरला.

या पातळीवर बाराव्या स्थानावरून पदक मिळत नाही. सुवर्ण तर विसराच.

पण पुढे पॅरलल बारवर त्याला ९.८३७ मिळाले आणि शेवटच्या हाय बारवर पुन्हा तेवढेच, ९.८३७. बेरीज झाली ५७.८२३. दुसऱ्या क्रमांकावर दक्षिण कोरियाचा किम दे-उन, ५७.८११. तिसरा त्याचाच सहकारी यांग ते-यंग, ५७.७७४. पहिल्या दोघांत फरक किती, तर ०.०१२. शेवटच्या साधनावर हॅमला ९.८२५ मिळाले असते तर किमशी बरोबरी झाली असती.

ऑलिम्पिकमधलं हे एक भन्नाट पुनरागमन होतं. फक्त दोन-तीन दिवसांनी कळलं की गुणांच्या हिशेबात एक चूक होती.

आधी हा खेळ समजून घेऊ

ऑल-अराउंड म्हणजे एकाच खेळाडूने सहाही साधनं करायची. फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हाय बार. शेवटच्या दोघांना आपल्याकडे व्यायामशाळेत 'डबल बार' आणि 'सिंगल बार' म्हणतात. फायनलला २४ खेळाडू असतात आणि एका देशाचे जास्तीत जास्त दोन. पात्रता फेरीतले गुण फायनलला पुढे येत नाहीत, पाटी कोरी करून सुरुवात होते.

अवघड काय आहे? या सहा साधनांना लागणारी शरीरं वेगवेगळी असतात. रिंग्जवर हात आडवे ताणून क्रॉसमध्ये स्थिर राहायला दंडात आणि खांद्यात प्रचंड ताकद हवी. पॉमेल हॉर्सवर तीच भारी शरीरयष्टी आड येते, तिथे सडसडीत बांधा आणि लय लागते. फ्लोअर आणि व्हॉल्टला पायांतला स्फोट हवा. हाय बारवर तर बार सोडून हवेत उडायचं आणि परत तोच बार पकडायचा, म्हणजे हिंमत आणि अचूक वेळ. एकाच साधनाचे खास खेळाडू बरेच सापडतात. सहाही साधनं जागतिक दर्जाची असलेला माणूस विरळा. म्हणून जिम्नॅस्टिक्सच्या जगात ऑल-अराउंडचं सुवर्ण सगळ्यांत मानाचं समजतात.

आता गुण. २००४ पर्यंत जुनी पद्धत होती, कमाल १० गुणांची. १९७६ साली माँट्रियलमध्ये नादिया कोमानेचीने मिळवलेला 'परफेक्ट टेन' याच पद्धतीतला. पुरुषांमध्ये ऑलिम्पिकमधला पहिला १० मॉस्कोत १९८० साली सोव्हिएत संघाच्या अलेक्झांडर दित्यातिनने मिळवला.

पण प्रत्येकाची सुरुवात १० पासून होत नसे, आणि अथेन्सच्या वादाचं मूळ इथेच आहे. तुमचा संच किती अवघड आहे हे पाहून पंच आधी एक 'स्टार्ट व्हॅल्यू' ठरवत. संच पुरेसा अवघड असेल तर १०.०, थोडा कमी असेल तर ९.९ वगैरे. मग सादरीकरणात जेवढ्या चुका, तेवढे गुण त्यातून वजा. स्टार्ट व्हॅल्यू ठरवणारे पंच वेगळे आणि चुका मोजणारे वेगळे.

तर झालं काय होतं?

यांग ते-यंगने पॅरलल बारवर जो संच केला, तोच त्याने त्याच ऑलिम्पिकमध्ये आधीही केला होता आणि तेव्हा त्याची स्टार्ट व्हॅल्यू १०.० धरली गेली होती. ऑल-अराउंड फायनलमध्ये मात्र पंचांनी ती ९.९ धरली. त्याच्या संचात 'बेल्ले' नावाची एक उडी होती. पंचांनी ती तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण कमी किमतीच्या 'मोरिसुए' या उडीत मोजली. दोन्हीत मागच्या बाजूने दोन कोलांट्या घेऊन दंडांवर बार पेलायचे असतात. सुरुवात कुठून होते, एवढाच फरक. साध्या डोळ्यांना तो कळणारही नाही, पण पंचांना तो कळणं हेच तर त्यांचं काम.

यांगला तिथे मिळाले ९.७१२. तो एक दशांश जोडला तर त्याची एकूण बेरीज ५७.८७४ होते. म्हणजे हॅमपेक्षा ०.०५१ ने जास्त. म्हणजे सुवर्ण.

आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने व्हिडिओ तपासला, चूक झाल्याचं मान्य केलं आणि तीन पंचांना निलंबित केलं. त्यातला एक अमेरिकेचाच होता, त्यामुळे सोशल मीडिया नसलेल्या त्या काळातही संशयाला खतपाणी मिळालंच. पण महासंघाने त्याच दमात सांगितलं की निकाल बदलणार नाही, कारण तक्रार वेळेत आली नव्हती.

कोरियाचं म्हणणं होतं की आम्ही वेळेत बोललो होतो.

इथे आणखी एक गुंता झाला. व्हिडिओ पुन्हा पाहिल्यावर काहींनी दाखवून दिलं की त्याच संचात यांग बारला चार वेळा लोंबकळला होता, परवानगी होती तीन वेळांची. त्याचे ०.२ कापले जायला हवे होते, ते कुणी कापलेच नाहीत. म्हणजे व्हिडिओ बघून गुण दुरुस्तच करायचे तर ०.१ वाढवून ०.२ कापावे लागतील. यांगची बेरीज होईल ५७.६७४, म्हणजे होती त्यापेक्षाही कमी!

आणि मग फक्त यांगचाच व्हिडिओ का बघायचा? चोवीस खेळाडू, सहा साधनं, म्हणजे १४४ संच. सगळे परत तपासले तर निकाल काय लागेल, कुणास ठाऊक.

या सगळ्या गदारोळात किम दे-उनचं नाव कुणी घेत नाही. कोरियाची मागणी मान्य झाली असती तर त्याचं रौप्य जाऊन हातात कांस्य आलं असतं, तेही आपल्याच सहकाऱ्यामुळे.

ते पत्र

२६ ऑगस्टला या प्रकरणाने वेगळंच वळण घेतलं. महासंघाचे अध्यक्ष ब्रुनो ग्रांडी यांनी पॉल हॅमच्या नावे पत्र लिहिलं. मतितार्थ असा की, खरा विजेता यांग आहे आणि तू तुझं पदक त्याला दिलंस तर सगळं जग त्याकडे खिलाडूवृत्तीचा कळस म्हणून बघेल. पत्र अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीमार्फत द्यायचं होतं. समितीने ते हॅमला द्यायलाच नकार दिला.

आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यांत वाईट गोष्ट पंचांची चूक नव्हती, हे पत्र होतं. पंच माणसं आहेत, चुकतात. पण चूक महासंघाच्या पंचांची, निकाल न बदलण्याचा निर्णय महासंघाचा, आणि भरपाई मात्र खेळाडूने करायची? हॅमने काहीच गैर केलं नव्हतं. त्याने पदक ठेवलं तर तो आपमतलबी ठरणार आणि दिलं तर महासंघाची लाज झाकली जाणार. एकवीस वर्षांच्या पोराला असल्या पेचात टाकणं कुठल्याच खिलाडूवृत्तीत बसत नाही.

दोघांनाही सुवर्ण का दिलं नाही, हा प्रश्न तेव्हाही आला. कारण दोनच वर्षांपूर्वी, २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगच्या जोडी प्रकारात तसं झालं होतं. रशियाची जोडी जिंकली होती, नंतर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण दिलं गेलं. पण तिथे एका फ्रेंच पंचावर दबावाखाली मत दिल्याचा आरोप होता. अथेन्समध्ये कुणी लबाडी केल्याचा पुरावा नव्हता, निव्वळ चूक होती.

लोझानमध्ये काय झालं?

यांग आणि कोरियाची ऑलिम्पिक समिती क्रीडा लवादाकडे गेली. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे २७ सप्टेंबरला सुनावणी झाली आणि २१ ऑक्टोबर २००४ ला निकाल लागला. यांगचं अपील फेटाळलं गेलं.

लवादाची भूमिका थोडक्यात अशी. मैदानावर पंचांनी दिलेला निर्णय नंतर कोर्टात बसून बदलता येत नाही. अपवाद फक्त लाचखोरी, पक्षपात किंवा लबाडी सिद्ध झाली तर. आक्षेप घ्यायचा तर स्पर्धा चालू असतानाच घ्यायला हवा होता.

दुसरा मुद्दा जास्त विचार करायला लावणारा आहे. पॅरलल बारनंतर यांगचा हाय बार बाकी होता. तिथे जाताना आपण जास्त गुणांनी पुढे आहोत हे त्याला माहीत असतं, तर तो तसाच खेळला असता का? कदाचित जास्त चांगला, कदाचित दडपणाखाली आणखी वाईट. हॅमवरचं दडपणही वेगळं असतं. त्यामुळे नुसता ०.१ जोडून 'यांग जिंकला असता' असं खात्रीने म्हणता येत नाही.

हॅमचं सुवर्ण कायम राहिलं.

आणि १० गुण इतिहासजमा झाले

त्याच अथेन्समध्ये आणखी एक तमाशा झाला होता. हाय बारच्या फायनलमध्ये रशियाच्या अलेक्सी नेमोवने थरारक संच केला आणि पंचांनी दिले ९.७२५. प्रेक्षकांनी एवढी हुर्यो उडवली की स्पर्धा कित्येक मिनिटं थांबली. पंचांनी गुण वाढवून ९.७६२ केले, तरी गोंधळ थांबेना. शेवटी नेमोव स्वतः पुढे आला आणि हात करून लोकांना शांत राहायची विनंती केली. त्याच्यानंतर बारवर चढण्यासाठी कोण थांबलं होतं? पॉल हॅमच.

महासंघाला काहीतरी करणं भाग होतं. २००६ पासून नवी गुणपद्धत आली. आता गुणांचे दोन भाग असतात. 'डी' म्हणजे काठिण्य: प्रत्येक कसरतीची ठरलेली किंमत असते, सगळ्यांत सोपी ०.१ ची, पुढे चढत जाते, आणि या बेरजेला वरची मर्यादा नाही. 'ई' म्हणजे सादरीकरण: इथे अजूनही १० पासून सुरुवात होते आणि चुकांचे गुण कापले जातात. छोट्या चुकीला ०.१, मध्यमला ०.३, मोठीला ०.५. आज कुणी पडलं तर पूर्ण १ गुण जातो. 'ई' पंचांचे सगळ्यांत वरचे आणि सगळ्यांत खालचे गुण बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी धरतात. समजा डी ६.० आणि ई ८.५, तर एकूण १४.५.

तोटाही झाला. 'परफेक्ट टेन' घराघरात कळायचा, १४.५ चांगला की वाईट हे समालोचकाने सांगावं लागतं.

नव्या पद्धतीने चुरस मात्र कमी झाली नाही. रिओ २०१६ मध्ये शेवटच्या हाय बारआधी युक्रेनचा ओलेग व्हेर्नियाएव जपानच्या कोहेई उचिमुरापेक्षा ०.९०१ ने पुढे होता. उचिमुराने १५.८०० घेतले, व्हेर्नियाएवला १४.८०० वर थांबावं लागलं. निकाल: उचिमुरा ९२.३६५, व्हेर्नियाएव ९२.२६६. पत्रकार परिषदेत एकाने उचिमुराला विचारलं की पंच तुमच्यावर मेहेरबान असतात का? त्यावर हरलेला व्हेर्नियाएवच त्याच्या बाजूने बोलला आणि असल्या प्रश्नाला अर्थ नाही म्हणाला.

टोकियोत तर चीनच्या शियाओ रुओतेंगला शेवटी पंचांना अभिवादन न केल्याबद्दल ०.३ चा दंड बसला. तो जपानच्या दाइकी हाशिमोतोपेक्षा ०.४ ने मागे राहिला. म्हणजे दंड नसता तरी रौप्यच होतं, पण चिनी सोशल मीडियावर हा हिशेब ऐकायला कुणी तयार नव्हतं.

आता आक्षेपाचा नियमही स्पष्ट आहे. प्रशिक्षकाला फक्त डी गुणांवर दाद मागता येते, ई गुणांवर नाही. ती लगेच तोंडी मागायची, पुढच्या खेळाडूचे गुण झळकण्याआधी. शेवटच्या खेळाडूसाठी एक मिनिट. २०१९ च्या जागतिक स्पर्धेपासून पंचांच्या मदतीला सेन्सर आणि संगणकही आले, आणि २०२३ साली अँटवर्पमध्ये ते सगळ्या साधनांवर वापरले गेले.

तरी पॅरिस २०२४ मध्ये महिलांच्या फ्लोअर फायनलला जे व्हायचं ते झालंच. अमेरिकेची जॉर्डन चाइल्स शेवटची खेळाडू होती. तिच्या प्रशिक्षिकेने डी गुणांवर आक्षेप घेतला, ०.१ वाढला, १३.६६६ चे १३.७६६ झाले आणि कांस्य मिळालं. रोमेनियाची आना बार्बोसू १३.७०० वर होती, तिच्या हातातून पदक गेलं. रोमेनिया लवादाकडे गेली. लवादाने घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की आक्षेप १ मिनिट ४ सेकंदांनी आला, म्हणजे ४ सेकंद उशिरा. वाढवलेला ०.१ रद्द झाला आणि कांस्य बार्बोसूला गेलं. चाइल्सने पुढे स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

अथेन्समध्ये तक्रार उशिरा आली या मुद्द्याने अमेरिकेचं पदक वाचलं होतं. वीस वर्षांनी त्याच लवादात, त्याच मुद्द्यावर आणि तेवढ्याच ०.१ साठी अमेरिकेचं पदक गेलं.